ताई, पाणी मारून घ्या

रात्री दोन वाजता फोनचा गजर होतो. घरात कुणी आजारी नाही, कुणाला पहाटेची गाडी पकडायची नाही, परीक्षा द्यायची वयं तर दोघांचीही केव्हाच उलटली. लाइट आलेली असते. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि आमच्या बोअरची मोटर थ्री फेजशिवाय हूं की चूं करत नाही. त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात, निफाड तालुक्यातल्या ऐन थंडीत, एक नवराबायको माकडटोप्या घालून, हातात पाइप धरून, अंधारात सिमेंटच्या खांबांना अंघोळ घालत असतात. ते आम्ही.

निफाडची थंडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी डिसेंबरातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं तापमान पहिल्या पानावर असतं, बहुधा महाबळेश्वरपेक्षा कमी. २०१८च्या डिसेंबरात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. आम्ही जागा घेताना शेजारच्या नानांनी हे अभिमानाने सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून "वा! मस्त!" म्हटलं होतं. महिना मे होता.

मिस्त्री रोज संध्याकाळी मोटरसायकलला किक मारता मारता एकच वाक्य टाकून जातात. "ताई, पाणी मारून घ्या." सकाळी आले की खांबाला बोट लावतात, बोट निरखतात आणि नवऱ्याकडे बघत म्हणतात, "रात्री कमी पडलं वाटतं, दाजी." खांब रात्रभर गोदावरीत उभा करून ठेवला असता तरी ते हेच म्हणाले असते. उद्या भिंतीला तडा गेला तर तो कुणाच्या नावावर टाकायचा, याची ही आगाऊ तजवीज आहे.

माझा नवरा वाचून काम करणारा माणूस. त्याने आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक मिळवून वाचलं. साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवा, पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, असं त्यात म्हटलंय. त्याने ते मिस्त्रींना वाचून दाखवलं. मिस्त्रींनी विडी विझवून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी लाइट दिवसा येत असंल."

त्याच पुस्तकात टेकू कधी काढायचे याचेही दिवस दिलेत, पण हवा १५ अंशांच्या खाली नसेल तरच ते लागू. आमच्याकडे जानेवारीत १५ अंश उजाडतात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. थंडीत काँक्रीट सावकाश जोर धरतं हे कळल्यापासून नवऱ्याला त्याची काळजी वाटू लागली. खांबांना गोणपाट गुंडाळलेलं होतंच. एका रात्री मी कुडकुडत उठून पाहते तर माझ्या अंगावरचं सोलापुरी कांबळं गायब. ईशान्येच्या खांबाला ते दोन वेढे घालून सुतळीने बांधलेलं होतं. "तो खांब वाऱ्याच्या तोंडावर आहे," नवरा म्हणाला. मी कुठल्या दिशेच्या तोंडावर आहे हे त्याने विचारलं नाही.

यात आणखी एक अडचण होती. आमच्या प्लॉटला लागून उसाचा फड आहे, आणि या भागात उसात बिबट्या असणं ही बातमी नाही, ते गृहीतच धरतात. नानांनी उपाय सांगितला. "माणसं बोलत असली का तो जवळ येत नाही. बोलत राहायचं."

लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या जोडप्याने रात्री दोन ते चार अखंड बोलत राहायचं, हे बिबट्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या रात्री मुलीचं शिक्षण, दोन्हीकडची आजारपणं आणि सिमेंटचे भाव एवढं सगळं पाऊण तासात संपलं. नंतर नवऱ्याने पाढे म्हणून पाहिले. तेराच्या पाढ्यावर आमचं भांडण झालं आणि मग लक्षात आलं की बिबट्यासाठी यापरतं साधन नाही. आवाज आपोआप चढा राहतो, विषय शोधावा लागत नाही आणि अंगात ऊब येते. तेव्हापासून घराबद्दलचे सगळे मतभेद आम्ही दिवसा गिळून रात्रीच्या पाण्यासाठी राखून ठेवू लागलो. वर्कशॉपला पूर्वेकडे खिडकी हवी की नको, हा त्यातला सर्वांत पुरवून वापरलेला.

हिवाळ्यात रात्री हवा स्थिर असते आणि आवाज फार लांब जातो, हे भौतिकशास्त्र आम्हाला नानांकडून कळलं. सकाळी दूध घालायला आले तेव्हा किटली खाली ठेवत ते म्हणाले, "ताई, खिडकी पूर्वेलाच ठेवा. आमच्या हिचं पण तेच मत पडलं." मग जरा थांबून म्हणाले, "मळ्यातले मात्र दाजींच्या बाजूने आहेत."

हा खिडकीचा वाद नीट कळायला थोडं मागे जायला हवं. मी मातीची भांडी करते, नवरा लाकडाचं सामान करतो. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आम्ही हे दोन्ही धंदे गॅलरीत करत होतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर कधी माती जायची, कधी भुसा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्यासाठी वेगळा विषय काढला जाऊ लागला, तेव्हा ठरलं की आपलं घर आणि आपलं वर्कशॉप गावाकडे बांधायचं. आधी वर्कशॉप, कारण ते पत्र्याचं, लवकर होईल आणि घर होईपर्यंत त्यात राहताही येईल. दसऱ्याला भूमिपूजन केलं, दिवाळीला शेड उभी राहिली. घर संक्रांतीला होणार होतं. कुठल्या संक्रांतीला, ते तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

पत्र्याखाली हिवाळा काढणं हा वेगळाच अनुभव आहे. रात्री गारठ्याने पत्रा आक्रसतो आणि मधूनच टण्णकन वाजतो. पहाटे आपल्याच श्वासाची वाफ पत्र्याला खालून धरते, तिचे थेंब होतात, ते पन्हळीतून ओघळत एका ठराविक नटबोल्टपाशी गोळा होतात आणि तिथून बरोबर माझ्या कपाळावर पडतात. खाट सरकवली. दुसऱ्या दिवशी दुसरा नटबोल्ट. नवऱ्याच्या बाजूचा एकही नटबोल्ट गळत नाही. तो म्हणतो हा योगायोग आहे. पत्रे त्यानेच बसवून घेतलेत.

शिवाय माती आणि लाकूड यांचं जन्मात पटत नाही. त्याने रंधा मारला की भुसा उडून माझ्या ओल्या ग्लेझवर बसतो, मी माती मळली की त्याच्या फळ्या ओल धरतात. म्हणून शेडच्या मधोमध खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे माझं चाक, भट्टी आणि बादल्या, पलीकडे त्याचं करवतीचं टेबल, आणि खाट रेघेवर. मला माल वाळवायला सकाळचं कोवळं ऊन हवं, म्हणून पूर्वेला खिडकी. त्याला हत्यारं टांगायला सलग भिंत हवी, आणि त्यासाठी त्याला तीच भिंत हवी.

मिस्त्री मला ताई म्हणतात, त्यामुळे नवरा ओघानेच दाजी. या नात्याचा मिस्त्रींनी जो वापर केला तो वकिलाने शिकावा. माझ्यासमोर म्हणायचे, "तुम्ही म्हणता तशीच खिडकी ठेवतो ताई, पण दाजींचा मान राखायला पाहिजे." नवऱ्यासमोर, "भिंत सलगच करतो दाजी, पण ताईचं मन मोडता येत नाही." शेवटी पत्रा कापून जी खिडकी झाली ती माझ्या डोक्याच्या वर आणि त्याच्या फळीच्या मधोमध आली. तिच्यातून येणारं ऊन समोरच्या भिंतीवर पडतं. तिथे फक्त सिलिंडर असतो.

घराच्या पायाचं काम सुरू झालं तेव्हा आमच्या पैशांची वाटचाल खालच्या दिशेने होती. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर घर टेकवलं तर भिंतींना भेगा ठरलेल्या. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. नवरा खड्ड्यात उतरून विचारायचा, "लागला?" मिस्त्री वरून म्हणायचे, "अजून फूटभर." नवऱ्याची टोपी दिसेनाशी झाली तेव्हा मुरूम लागला. बजेटचा मोठा भाग आज जमिनीखाली आहे. पाहुण्यांना तो दाखवता येत नाही आणि ते बिचारे विचारतात, "अजून इतकंच झालंय?"

पाहुण्यांचं एक बरं असतं. हिवाळ्यात द्राक्षं, हरभऱ्याचा हुळा, नांदूरमधमेश्वरला आलेले परदेशी पक्षी एवढं सगळं निफाडात असल्यामुळे आमचं बांधकाम बघायला त्यांना आवर्जून वेळ मिळतो. नवऱ्याच्या आत्या दिशा तपासायला आल्या. स्वयंपाकघर आणि भट्टी आग्नेयेला हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं आणि नेमक्या सळयांच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. आग्नेय दिशा नानांच्या गोठ्यात निघाली. चार पावलं सरकल्या तर ती विहिरीत गेली. तेवढ्यात आणखी सळया घेऊन टेम्पो आला आणि आग्नेय थेट संडासावर येऊन थांबली. लोखंडाने होकायंत्राची सुई फिरते हे नवऱ्याने समजावायचा प्रयत्न केला. आत्या म्हणाल्या, "लोखंडाने फिरायला ती काय तुझी बुद्धी आहे?" शेवटी मिस्त्रींनी त्यांना हात धरून पलीकडच्या बांधावर नेलं, जिथून आग्नेय स्वयंपाकघरातच दिसते. त्याबद्दल आत्यांनी त्यांना शंभर रुपये दिले. आम्हाला फक्त आशीर्वाद.

दिवाळीनंतर पाऊस नसतो, ऊन सौम्य असतं, म्हणून हिवाळा हा बांधकामाचा हंगाम, असं आम्ही ऐकून होतो. पण निफाडात हिवाळा हा बाकी सगळ्याचाच हंगाम असतो. द्राक्षांचं थिनिंग, डिपिंग, उन्हाळ कांद्याची लागवड. पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसंही बागांमध्येच गुंतलेली. आमचे बिगारी सकाळी एका संख्येने येत आणि दुपारी दुसऱ्या. "दोघं कुठे गेले?" "कांद्याला." "परत कधी येतील?" "रोप संपलं का येतील." रोप कुणाचं, किती वाफे, हे विचारायचं नसतं.

जे येत, त्यांचा दिवस शेकोटीने सुरू होई. आधी शेकोटी, मग चहा, मग तोटी सापडत नाही म्हणून थोडी शोधाशोध, आणि ऊन ओट्यावर आलं की ओळंबा बाहेर. या भागात कडाक्याच्या रात्री द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवतात, तेव्हा "द्राक्षाला लागते, माणसाला नाही लागणार का ताई?" या युक्तिवादापुढे मी गप्प झाले. नवरा गप्प होऊ शकला नाही, कारण एका सकाळी त्या शेकोटीत त्याला ओळखीचा वास आला. जुन्या वाड्याचं शिसवी लाकूड त्याने पाटांसाठी जपून ठेवलं होतं, त्यातला शेवटचा तुकडा आगीत होता. ज्वाळा संथ, धूर जवळपास नाही.

"दाजी, ते सरपण नव्हतं होय?" मिस्त्री हात शेकत म्हणाले. "तरीच म्हटलं, इतकं झकास कसं जळतंय."

नवरा दोन मिनिटं उभा राहिला, मग तोही खाली बसला. आता जळतंच आहे तर शेकून घ्यावं.

स्लॅबचा दिवस मात्र मोठा थाटाचा. पहाटे मिक्सर आला, लिफ्ट लागली, वीस माणसं कुठून उगवली कळलं नाही. त्या दिवशी कांद्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण स्लॅबला जेवण असतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्लॅबवर सिमेंटची छोटी छोटी आळी घालून त्यांत पाणी भरलं. मी शिडी चढून वर पाहिलं तर कांद्याचे वाफे तयार. नाना खालूनच म्हणाले, "रोप उरलंय माझ्याकडं. टाकू का?" मिस्त्री म्हणाले, "टाका, पाण्याला ताई आहेच." सगळा गाव हसला. रात्री दोन वाजता त्यातलं कुणी हसायला नव्हतं.

भिंतींची वेळ आली तशी नवऱ्याने लॉरी बेकर बाहेर काढले. जन्माने ब्रिटिश असलेल्या या वास्तुविशारदांनी केरळात अनेक वर्षं कमी खर्चाची देखणी घरं बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या, मध्ये पोकळी ठेवायची. रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला. विटा साधारण पाव भागाने कमी लागतात आणि पोकळीमुळे आत थंडी-ऊन कमी पोचतं. मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"केरळात थंडी असती का?"

"तशी नसते."

"मग त्यांना काय माहीत?"

नवऱ्याने स्वतः दहा विटा रचून दाखवल्या. मिस्त्रींनी त्या बुटाच्या टोकाने हलवून पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, पैशाची अडचण आहे का? असंल तर सांगा, आपण नंतर बघू. भिंत पोकळ नको करायला." पण एकदा हात बसल्यावर त्यांनी ती भिंत अशी देखणी उचलली की विचारू नका. आता ते दुसरी गिऱ्हाइकं आणून दाखवतात आणि सांगतात, "ही माझी पद्धत."

या सगळ्या दिवसांत वस्तीवरचा सर्वांत लोकप्रिय कोपरा म्हणजे माझी भट्टी. गॅसवरची भट्टी हजार अंशांपर्यंत तापवते मी, आणि मग ती निवायला दुसरा दिवस उजाडतो. भट्टी लागायची आहे ही बातमी आदल्या दिवशीच पसरते. तिच्या भिंतीला पाठ लावून बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. नानी ओले स्वेटर आणतात, बिगाऱ्यांची पोरं वांगी आणतात आणि ती कुठून आत घालायची असं विचारतात. मिस्त्रींना तर त्या दिवशी चर्चा करण्याजोगे प्रश्न एकदम सुचतात, जिन्याच्या पायऱ्यांपासून मोरीच्या उतारापर्यंत, आणि ते सगळे बसून सोडवायचे असतात. नवराही खडूची रेघ ओलांडून येतो.

आणि मग चौकट आली. खरं तर आली नाही, हाच प्रश्न होता. दारांच्या चौकटी मीच करणार, असं नवऱ्याने पहिल्या दिवसापासून जाहीर केलं होतं. वाड्याचं सागवान, लाकडातच कोरलेले सांधे, खिळा एकही नाही. भिंती दाराच्या जागा सोडून वर सरकल्या आणि काम थांबलं. मिस्त्री सकाळी वेळेवर आले. चक्क वेळेवर.

"दाजी, चौकट?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी लाकूड गारठ्याने ओढलं गेलं होतं, तिसऱ्या दिवशी करवतीला धार नव्हती. चौथ्या दिवशी नवऱ्याने, ज्याने आयुष्यात पंचांग फक्त कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाहिलंय, गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सध्या पौष आहे आणि पौषात चौकट बसवत नाहीत. आत्यांना फोन केला असता तर त्यांनी पेढे वाटले असते. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, राग नव्हता, एक व्यावसायिक आदर होता.

त्याच सकाळी माझा फोन वाजला. नाशिकच्या एका कॅफेचे मग मी द्यायचे होते. थंडीत ओल्या मातीत हात घातला की बोटं तासाभराने आपली वाटतात, त्यामुळे चाकावर बसायचा मुहूर्त रोज उन्हाप्रमाणे पुढे सरकत होता. मी म्हटलं, "उद्या नक्की." मिस्त्री निवत आलेल्या भट्टीला पाठ लावून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी मान हलवली.

"ताई, उद्या नाही म्हणायचं. उद्या म्हटलं का माणूस उद्या परत फोन करतो."

"मग काय म्हणायचं?"

"माल भट्टीत आहे म्हणायचं. थंडीच्या नावावर टाकायचं. थंडीला कुणी फोन लावत नाही."

तेवढ्यात कॅफेवाल्या मुलीचा मेसेज आलाच. भट्टीचा आतला फोटो पाठवाल का? मी फोन मिस्त्रींपुढे धरला. नवराही रंधा खाली ठेवून जवळ आला. मिस्त्रींनी मेसेज सावकाश वाचला, भट्टीकडे पाहिलं, अजून न बसलेल्या चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा, हजार डिग्रीला दार उघडता येत नाही."